‘करवंद’ची कापलेली चार पाने

श्री.

मी भास्कर रघुनाथ चौबळ, वय ६३, शाळामास्तर (निवृत्त), राहणार जव्हार, लिहून ठेवतो की छातीत दमा असला तरी डोके ठिकाणावर आहे, आणि खालील मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. अक्षर गचाळ आहे. चांगले अक्षर देवजीचे होते. त्याच्याकडे येतोच.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी व परसातले फणस पत्नी काशी हिचे. मी चालवलेल्या ‘करवंद’ मासिकाच्या बिनपगारी मंडळींना तिने अकरा वर्षे चहा पाजला आणि एकदाही तोंड वाकडे केले नाही.

कलम २. रंगपेटी व कुंचले आमचा चित्रकार कान्हा सुतार याच्या मुलास. खोडाळ्याच्या तुका वाण्याने १९२० चा दिवाळी अंक वाचायला नेला, तो सहा वर्षे परत केला नाही. तो मागून घ्यावा. त्यातले चित्र त्याने देव्हाऱ्यात लावले आहे म्हणे. ते राहू द्यावे.

कलम ३. हे कलम लिहायला मी तीन वर्षे टाळाटाळ केली.

‘करवंद’ हाताने लिहिले जाई. दर महिन्याला पाच प्रती, कापडी पिशवीतून गावोगाव फिरत, शेवटचे पान वाचकांच्या अभिप्रायाला कोरे. पाचही प्रती साखरशेतचा देवजी जैतू भोये, जंगल नाक्यावरचा कारकून, एकटा लिहून काढी. त्याने स्वतःची एकच गोष्ट दिली होती, ‘कडूकंदाचे वर्ष’, दुष्काळात रानातले कडू कंद खाऊन काढलेल्या वर्षाची. मी दर वेळी म्हणे, “पुढच्या अंकात बघू.” अखेर १९१९ च्या दिवाळी अंकात त्याने ती मला न विचारता पाचही प्रतींत लिहिली. मी वस्तऱ्याने ती चार पाने पाचही प्रतींतून कापली. कारण सांगितले, असले दरिद्री विषय वाचकांना रुचत नाहीत. खरे कारण हे की तिच्या शेजारी माझा अग्रलेख फिका पडत होता.

वर ‘शाई सांडल्याने चार पाने गाळली आहेत’ अशी सूचना मी देवजीकडूनच पाच वेळा लिहून घेतली. त्याने ती सुरेख अक्षरात लिहिली. पुढे नजर जाईपर्यंत तो अंक लिहीतच राहिला, आणि मी लिहू दिले. मला लाज वाटते.

चार प्रतींतली पाने मी न्हाणीच्या चुलीत घातली. एका प्रतीतली ठेवली. त्यांवरून माझ्या हाताने पाच प्रती केल्या आहेत. माझ्या पश्चात त्या जुन्या वाटेने, जुन्या पिशवीतून फिरवाव्यात, देवजीच्या नावाने. हे देणे नव्हे, त्याचेच त्याला परत आहे. म्हणून, देणे घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये हा नियम असला तरी, तो साक्षीदार राहू शकतो.

जव्हार, ता. ७ डिसेंबर १९२६.
सही: भास्कर रघुनाथ चौबळ

साक्षीदार १: कान्हा धर्मा सुतार (सही)

साक्षीदार २: देवजी जैतू भोये. मजकूर वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही मरंपर्यंत मी कशाला थांबू? गोष्ट आताच वाचा. मग अंगठा देतो.”

चारही पाने वाचली. ते म्हणाले, “शेवटची ओळ नाही त्यात. जागा संपली म्हणून शिवणीच्या कडेला उभी लिहिली होती, वस्तऱ्याखाली गेली आसंल.” ती त्यांना पाठ होती. त्यांनी सांगितली, मी पाचही प्रतींत लिहिली: ‘आम्हाला घालून उरले ते आई खायची. त्या वर्षी काही उरले नाही.’

अंगठा देवजी जैतू भोये यांचा.