उणे वीस अंशांत

३ जून, मंगळवार
लागलो एकदाचा कामाला! दूध तपासणारी प्रयोगशाळा. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, याला कुत्रंही विचारणार नाही. विचारलं ना! कास सुजलेल्या गाईंच्या दुधाच्या काचनळ्या येतात. त्यांवर गाईचा क्रमांक, तारीख आणि कासेचा कुठला सड ते लिहायचं, आणि शीतखोलीत उणे वीस अंशांत रचायच्या. समोरच्या टेबलाशी ती बसते, कॉलेजातली. मी तिच्यासाठीच आलोय, हे तिला सोडून सगळ्यांना कळलंय.

९ जून, सोमवार
आज भांडण. मी म्हटलं, एवढ्या गारठ्यात जंतू मरतातच. ती म्हणाली, काही मरतात, काही नाही. इथला तो शिष्ट सहायक मधेच तोंड घालून म्हणाला, अर्ध्या कॉलेजचं पूर्ण ज्ञान! तळपायाची आग मस्तकात गेली. पैज लावली: एकाच गाईचं दूध, आज तपासायचं आणि आठवडाभर गोठवून पुन्हा. जिंकलो तर ती रविवारी माझ्याबरोबर फिरायला येणार.

१७ जून, मंगळवार
९ तारखेला दूध पेरलेल्या काचेच्या बशीत जंतूंचे चाळीस ठिपके उगवले होते. आज नव्वद! ती समजावत होती, गाईच्या पांढऱ्या पेशींनी गिळलेले जंतू पेशी गोठून फुटल्या की मोकळे सुटतात. सहायक म्हणाला, राजे, जंतूंनी तुमचा मान ठेवला. नळी भिंतीवर फोडली. काच उचलताना बोटात घुसली, दुधासकट. जखम दाखवली नाही कुणाला. जाताना ती म्हणाली, तरी येईन रविवारी, फक्त हे डोकं घरी ठेवून ये.

१८ जून
बोट दगडासारखं झालंय. डॉक्टरकडे गेलो तर नळी फोडल्याचं वरिष्ठांना कळेल, नोकरी जाईल, तो सहायक दात काढेल. रविवारपर्यंत हात बरा हवा. शीतखोलीत हातमोजा काढून हात बर्फाच्या थरावर दाबला. ठणका गप्प. मरा म्हटलं, मरा.

१९ जून
बाहेर आलं की दुप्पट ठणकतं. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. दुपारी बोटातून पिवळं पाणी आलं, त्यात पांढऱ्या गुठळ्या. फाटलेलं दूध. त्या नळ्यांसारखंच. वासही तोच.

२० जून
तीन बोटं. मनगट. आता कळलं – माझ्याच पेशी मी फोडतोय. त्यांनी गिळलेले मीच सोडतोय. पण बाहेर सोसत नाही –

२१ जून
डाव्या हातानं लिहितोय. काल माझ्या बोटातलं पाणी बशीत पेरलं होतं. ठिपके मोजता येत नाहीत. बशीच पांढरी. नळीवर नोंद करायला बसलो. क्रमांक – काय लिहू? सड – उजवा –

२२
आतच आहे. इथं दुखत नाही. खांद्यापर्यंत काही कळतच नाही. कातडीखाली मात्र सरकतंय –
रविवार ना, ती आलीय शोधत. दार बडवतेय. अरे वेड्या, उघड म्हणते. रडतेय. सहायकानं खांदा लावलाय दाराला. आतून दांडी घातलीय मी –
दार उघडलं की ऊब येईल. ऊब आली की हे सगळे मोकळे – ती धावत येईल, हात धरेल माझा –
नको, तिला कुणीतरी सांगा – दांडी वाकतेय – हात लावू नको म्हणावं, हात ला