सयामचा ताप

देवबाग, १२ जून १९६३

ती. भाऊजींस यशोदेचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आपले बंधू बोटीवरून सयामचा ताप घेऊन आले. आपण पाठवलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या सगळ्या दिल्या. ताप गेला, पेज मागून प्याले, माझ्या आमटीला नावंही ठेवली. म्हटलं, सुटलो! पण काल पुन्हा हुडहुडी भरली. मामंजींच्या पेटीत कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, जुनी बाटली आहे. माका ह्या नव्या गोळ्यांचो भरवसो नाय, असं त्यांचं एकच चाललंय. मलाही कोयनेल द्यावंसं वाटतं. पण मुंबईच्या शब्दाबाहेर या घरात काही होत नाही, म्हणून विचारते.

उत्तराची वाट बघणारी,
सौ. यशोदा

परळ, १६ जून

चि. सौ. यशोदेस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं. आमचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या पुऱ्या घेतल्यावर ताप उलटत नाही. म्हणजे घेतल्याच नाहीत! मागे मी पाठवलेल्या गोळ्या आईने प्रसादासारख्या घरोघर एकेक वाटल्या होत्या. आता तो धर्म तू चालवतेस काय? पुन्हा पाठवतो आहे, समोर उभी राहून दे. कोयनेल इंग्रजांबरोबर गेलं. त्याने कान बधिर होतात. त्याचा थेंब देऊ नये. गुरुदासला म्हणावं, बरा हो, नारळी पौर्णिमेला येतो.

तुम्हा सर्वांचं भलं चिंतणारा,
हरिश्चंद्र

देवबाग, २२ जून

ती. भाऊजींस शि. सा. नमस्कार.

गोळी मी स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवते, पाणी पाजते, तोंड उघडून बघते. शेजारच्या काशीबाई तापलेल्या नवऱ्यासाठी एक गोळी मागायला आल्या, त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. आणि आपण मलाच चोर ठरवता! ताप उतरत नाही. बरळतात, मला ओळखत नाहीत. मामंजी बाटली घेऊन उशाशी बसलेत. आपलं पत्र दाखवून मीच त्यांचा हात धरला. पाया पडते, एकदा हो म्हणा.

सौ. यशोदा

परळ, २६ जून

चि. सौ. यशोदेस आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच मिळालं. डॉक्टरांनी विलायतेच्या मासिकात वाचलं की, सयामकडच्या तापाचे जंतू हल्ली या गोळीला जुमानत नाहीत. पुऱ्या गोळ्या घेऊनही ताप उलटतो. तिकडे पुन्हा कोयनेलच देतात म्हणे. तरी वडिलांची बाटली ताबडतोब सुरू कर. झालं गेलं मनात धरू नकोस.

हरिश्चंद्र

देवबाग, १ जुलै

ती. भाऊजींस नमस्कार.

आपले बंधू सत्तावीस तारखेस गेले, ते तारेने कळलंच असेल. आपला होकार काल आला. मामंजींना वाचून दाखवला. ते उठले, बाटली आणून माझ्या हातात दिली आणि पडवीत जाऊन बसले. अजून जेवले नाहीत.

काशीबाईंच्या नवऱ्याचा ताप सरकारी गोळ्या खाऊनही उलटलाय. बाटली त्यांना नेऊन दिली. या खेपेस आपल्याला विचारलं नाही.

लोभ असू द्या असं लिहायची रीत आहे. आज लिहवत नाही.

गं. भा. यशोदा