भिंतीतली पहिली तार

प्रिय बाबा,

तुमचा फोन आला तेव्हा मी वकिलातीच्या तळघरात शिडीवर उभी होते. तुमचा निरोप होता, आईला विचार, चष्म्याचं घर कुठे ठेवलंय. तुमच्या आणि आईच्या मध्ये एक स्वयंपाकघर, तुमच्या आणि माझ्या मध्ये एक सरहद्द. तरी मी आईला फोन लावला, विचारलं, पुन्हा तुम्हाला लावला आणि सांगितलं, रेडिओच्या मागे आहे. ती खरं तर म्हणाली होती, डोळे उघडे ठेवून शोधलं असतं तर मिळालं असतं. तेवढं मी गाळलं. त्याच फोनवर तिनं तुमच्यासाठी आणखी एक निरोप दिला आणि तो अजून माझ्याकडेच पडून आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या राजदूतांना परत बोलावल्याचं जाहीर झालं आणि आमचे खासगी फोन बंद झाले. आता हे पत्र टपालाच्या शेवटच्या थैलीतून येईल. निरोप सांगणार आहे. पण कसा सांगायचा ते ठरत नाहीये, म्हणून आधी इथलं लिहिते.

वकिलात बंद करायची म्हणजे इमारतीतल्या टेलिफोनच्या सगळ्या तारा तोडून मगच कुलूप लावायचं, आणि तारा तोडणं माझ्याकडे. ऐकायला सोपं वाटतं. पण इथे एक जुनी रीत आहे. नवा राजदूत आला की आधीच्याच्या तारांवर त्याचा विश्वास नसतो. तो स्वतःच्या टाकून घेतो. जुन्या मात्र कुणी काढत नाही, कारण भिंत फोडावी लागते आणि त्यातली कुठली चालू आहे हे कुणालाच माहीत नसतं. लोक म्हणतात भिंतीला कान असतात. आमच्या भिंतीला आतडीही आहेत. वरच्या दिवाणखान्यात राजदूतांच्या तसबिरी आहेत, पण मी त्यांना तारांवरून ओळखते. कापड गुंडाळलेली तपकिरी तार पहिल्यांची. शिशाच्या नळीतली दुसऱ्यांची. मग मधली बरीच वर्षं तारच नाही, कारण राजदूतच नव्हते.

पहिल्यांबद्दल इथल्या म्हाताऱ्या माळ्याकडून ऐकलं. त्यांनी इथल्या मंत्र्याच्या टेबलापर्यंत थेट लाईन टाकून घेतली होती, मध्ये एक्स्चेंज नाही. दोघं त्यावरून भांडायचे म्हणे, अगदी आई-बाप काढून, आणि संध्याकाळी बुद्धिबळाला एकत्र बसायचे. दुसरे आले ते नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी पाहुण्यांच्या खुर्चीचे पाय सुताराकडून कापून घेतले, समोरचा खाली दिसावा म्हणून. इथला मंत्री पुढच्या खेपेला काखेत उशी मारून आला. उशी ठेवली, वर बसला आणि म्हणाला, आता बोला. यावरून दोन देशांत अबोला धरला गेला असं माळी सांगतो. मी हसले, पण तो हसत नव्हता.

अबोल्याच्या त्या वर्षांत दोन्हीकडचे निरोप एक तिसराच देश पोचवायचा. एका पावसाळ्यात आपल्या देशातल्या, नदीच्या वरच्या अंगाच्या धरणातून पाणी सोडायचं होतं. निघताना निरोप होता, उद्या पहाटे पाणी सोडतो आहोत. तिसऱ्या देशाच्या कारकुनाला तो उद्धट वाटला. त्यानं केलं, पाणी सोडण्याचा विचार आहे. त्याच्या साहेबांनी केलं, योग्य वेळी कळवण्यात येईल. माळ्याचं गाव खालच्या अंगाला होतं. त्याची मोठी बहीण त्या पाण्यात गेली. कारकुनाचा हेतू वाईट नव्हता, असं तो मला दोनदा म्हणाला. मला तो कारकून चांगला ओळखीचा वाटत होता.

कारण बाबा, मी वयाच्या आठव्या वर्षापासून तेच काम करते आहे. तुमची पुढची खोली, आईची मागची, मधे स्वयंपाकघर आणि त्यात मी. तिला सांग, भाजीत मीठ आहे की मिठात भाजी. मी सांगायची, बाबांना आज जरा खारट लागलं. त्यांना सांग, जीभ गहाण ठेवली असेल तर सोडवून आणा. मी सांगायची, आई म्हणते, उद्या कमी घालीन. मावशी मला आमचं पोस्ट ऑफिस म्हणायची आणि सगळे हसायचे, तुम्हीसुद्धा. भांडण कशावरून झालं ते मला अजून माहीत नाही. आईला विचारलं तर म्हणते, त्यांना विचार. तुम्ही गुळणी धरून बसता. मला पुढे संदेशवहनाचं शिक्षण घ्यावंसं वाटलं, तेव्हा तुम्ही दोघांनी वेगवेगळं येऊन विचारलंत, हेच का म्हणून.

परवा पहिल्यांच्या तारेपाशी पोचले. तोडण्याआधी मीटर लावायचा हा नियम, म्हणून लावला. काटा हलला. तार चालू होती. इतक्या राजदूतांनंतरही पलीकडून वीज येत होती, कारण ती बंद करा असं तिकडे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी तपासणीचा फोन जोडला आणि जरा वेळानं पलीकडे एका माणसानं उचलला. घाबरला बिचारा. म्हणाला, अहो, हा वाजतो? आम्ही यावर चहाचा कप ठेवतो. मग आवाज सावरून, रीतसर विचारलं, काही निरोप आहे का? मी म्हटलं, नाही, लाईन तपासत होते. तो म्हणाला, लाईन तर झकास आहे, तुम्ही बाजूच्या खोलीत असल्यासारख्या ऐकू येताय. आमच्या राजदूतांची गाडी त्याच वेळी फाटकातून बाहेर पडत होती. मी आभार मानले आणि तार तोडली. ते माझं काम होतं. पण त्यानंतर शिडीवरून खाली उतरायला मला बराच वेळ लागला. बाबा, मी फार थकले आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण माझे स्वतःचे निरोप कुणाकडे द्यायचे ते मला कधी कळलं नाही.

आता तो निरोप. आईनं सांगायला सांगितलं होतं, मी आठवडाभर मावशीकडे जातेय, जेवणाचं त्यांचं त्यांनी बघावं. हा निरोप मी पोचवत नाही, कारण तो खोटा आहे. आई मावशीकडे जाणार नाहीये. येत्या सोमवारी तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबते ते गुडघ्यांमुळे नाही. तुम्हाला कळवू नकोस असं तिनं मला बजावलंय. म्हणाली, ते येऊन नुसते दाराशी उभे राहतील आणि मला ते बघवणार नाही. इमारतीला कुलूप लागेपर्यंत आम्हाला निघता येत नाही, त्यामुळे सोमवारी मी तिथे नसेन. तिच्याजवळ फक्त तुम्ही असू शकता. पत्र वाचून झालं की उठा, स्वयंपाकघर ओलांडा आणि तिच्या खोलीत जाऊन बसा. दाराशी उभे राहू नका, बसा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. भांडलात तरी चालेल. फक्त तिच्यासाठी काही सांगायचं असेल तर मला कळवू नका. मी ते पोचवणार नाही.

तुमचीच,
लेक