आमच्या गावच्या पाद्रीणबाई

प्रिय आणि पूज्य बार्नबीदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीने, मार्जरीने, दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून केलेला नमस्कार गोड मानून घे. बिशपसाहेबांच्या वाड्यावरची कोठी सांभाळताना तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? (नसेल तर त्यांना कमी बोलायला सांग. हा उपाय मी दर पत्रात कळवते, पण पत्र त्याच वाचून दाखवतात म्हटल्यावर तुझ्यापर्यंत पोचत नसावा.) मी बरी आहे. जेवते, झोपते, लोकर कातते. मनाचं विचारशील तर समोरच्याच घरात पाद्रीणबाई राहत असताना माणसाने बरं राहावं तरी कसं?

पाद्रीणबाई! आपल्या आईसमोर हा शब्द कुणी काढला असता तर तिने त्याचं तोंड राखेने घासलं असतं. तिच्या काळी पाद्र्याला बायको नसायची आणि चर्चमध्ये संत अ‍ॅनची मूर्ती असायची. त्या मूर्तीचे झगे शिवायचा मान पुढे माझ्याकडे आला. सणाच्या दिवशी बायका हात मूर्तीला जोडायच्या आणि बघायच्या मात्र माझ्या टाक्यांकडे. मग तो पोरवयाचा राजा गादीवर बसला आणि वरून हुकूम सुटले. मूर्ती काढा, भिंतींवरची चित्रं चुन्याने बुजवा, मेणबत्त्या विझवा, प्रार्थना लॅटिन सोडून आपल्या बोलीत म्हणा, आणि पाद्र्यांना लग्न करायचं असेल तर करू द्या. माझी संत अ‍ॅन गेली, आणि मेणबत्तीवाल्या गिल्बर्टचा धंदा बसला. हा आता भीक मागणार असं गावाला वाटलं. तर त्याने आपली अव्हिस पाद्री हम्फ्रींना देऊन टाकली! (चर्च मेणबत्त्या घेत नाही ना, मग मुलगी घ्या. माणूस पोचलेला.)

झालं, अव्हिस पहिल्या बाकावर बसायला लागली. जिथे माझ्या स्वर्गवासी नवऱ्याच्या पुण्याईने आणि माझ्या सुईच्या कर्तबगारीने मी बसायचे, तिथे. मी दुसऱ्या बाकावर, तिच्या मानेमागे. मान गोरी आहे, नाही म्हणत नाही. वर ती प्रार्थनेचं पुस्तक उघडून भराभर वाचायची आणि मी गोठ्यातल्या गायीसारखी बघत राहायचे. दादा, आज हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे म्हणून तू कौतुक करशील, पण त्यामागे विद्येची ओढ वगैरे काही नाही. तिला येतं आणि मला येत नाही, हे पोटात मावेना, म्हणून चाळिशीत अक्षरं गिरवली.

पुढे तो राजा कोवळ्या वयातच वारला आणि त्याची थोरली बहीण राणी झाली. सगळं पुन्हा उलटं. लॅटिन आली, मेणबत्त्या आल्या, आणि पाद्र्यांनी बायका सोडाव्यात असा हुकूम आला. हम्फ्रींनी भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, चुकलो, बायको सोडतो. अव्हिस गाठोडं घेऊन बापाच्या घरी गेली. खोटं कशाला बोलू, त्या रविवारी मी नवा रुमाल डोक्याला बांधून पहिल्या बाकावर जाऊन बसले. पण सुख टिकतं का? संतांपुढे पुन्हा मेणबत्त्या लागू लागल्या आणि गिल्बर्टचं दुकान असं धो धो चाललं की अव्हिसच्या अंगावर महिन्याभरात नवा लोकरी झगा! नवरा गेला तरी ही बाई वरचढ ती वरचढच.

इकडे पाद्रीबाबा एकटे. मी माणुसकीने त्यांना कबुतराचं सारण भरलेला भाजका रोट पाठवायला लागले. (इतर बायकाही काहीबाही पाठवत, पण त्यात माणुसकी कमी आणि मीठ जास्त.) नवल असं की एवढं खाऊन पाद्रीबाबा वाळतच चालले. एका संध्याकाळी मी मेणबत्त्या आणायला गिल्बर्टकडे गेले. दुकानात कोणी नाही, म्हणून आतलं दार ढकललं. बघते तर अव्हिस मांडी घालून माझा रोट खातेय! माझाच, वरची पानाची नक्षी मी स्वतः सुरीने कोरलेली. आणि पाद्रीबाबा समोर बसून ती खाते ते बघताहेत. दादा, माझ्या नवऱ्याने मला तसं कधी बघितलं नाही. मी खात असताना तर नाहीच.

"या ना मार्जरीताई," अव्हिस पांढरीफटक पडत म्हणाली, "तुमच्या हाताला काय चव आहे हो!"

मी मेणबत्त्या न घेताच घरी आले.

पुढल्या आठवड्यात त्यावेळच्या बिशपांचा तपासनीस गावात आला. सोडलेल्या बायकांना चोरून भेटणाऱ्या पाद्र्यांचा शोध घ्यायला. सापडला तर पाद्र्याची जागा जाणार, तुरुंग होणार, आणि बाईची धिंड. सगळं गाव चर्चमध्ये जमलं. अव्हिस खांबाला टेकून उभी होती, हम्फ्री वेदीपाशी, दोघंही एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत होते. मी घरून ठरवूनच निघाले होते. कुणाला काय सांगायचं, सगळं मनात घोटलं होतं.

"बाई, तुमचं घर पाद्र्याच्या समोर," तपासनीस म्हणाला. "यांची त्या बाईवर अजून माया आहे का? चोरून तिच्याकडे जातात का?"

मी तोंड उघडलं. आणि त्या क्षणी लक्षात आलं की 'हो' म्हटलं तर सगळ्या गावासमोर मलाच कबूल करावं लागणार. काय, तर हा माणूस तुरुंगाची भीती टाकून, पोटाला चिमटा घेऊन, त्या मेणबत्तीवालीसाठी रोज जातो. लोक तिला शिक्षा करतील, पण बायका घरोघरी उसासे टाकतील, की बाई, असा नवरा कुठे मिळतो! ते मला ऐकवलं असतं?

"हिच्यावर माया?" मी म्हणाले. "साहेब, नाक बघा तिचं. अंगाला मेणबत्त्यांच्या चरबीचा वास मारतो. हिच्यासाठी कोण शहाणा उंबरा ओलांडेल? पाद्रीबाबांनी हिला टाकली आणि सुटले एकदाचे!"

सगळं चर्च हसलं. तपासनीसही हसला आणि पुढच्या गावाला गेला.

संध्याकाळी अव्हिस माझ्या दारात येऊन गळ्यात पडली. "ताई, तुम्ही माझी अब्रू घालवून माझा संसार राखलात," म्हणून रड रड रडली. मी तिला सांगत होते की बाई, मी जे बोलले ते मनापासून बोलले. तर ती आणखी रडायला लागली, म्हणे किती हा मोठेपणा! आता तूच सांग, अशा बाईचा हेवा तरी धड कसा करायचा?

आता ती राणीही वारली, तिची धाकटी बहीण राणी झाली, लॅटिन गेली, आणि अव्हिस वाजतगाजत पाद्र्याच्या घरी परत आली. पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर तिने मला हात धरून पहिल्या बाकावर शेजारी बसवलं आणि स्तोत्राचं पुस्तक अर्धं माझ्याकडे केलं. मी तिच्यापेक्षा मोठ्याने गायले. एवढंच माझ्या हातात होतं.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग. तुझ्या वाड्यावरच्या जळणाची ऊब तुला पुरेशी मिळो.

तुझी बहीण,
मार्जरी

ता. क. वरच्या मजकुरावरून मी कुणाचा मत्सर करते असा गैरसमज करून घेऊ नये.

ता. क. दुसरा. एक छोटं काम आहे. शेजारच्या गावचे पाद्री ऑस्टिन विधुर आहेत. दोनदा येऊन माझा रोट खाऊन गेले, स्वतः खाल्ला, मी समोर बसून खात्री केली. पण आता नियम असा आहे म्हणे की पाद्र्याने लग्न करायचं तर नवरीचं वागणं बिशपसाहेबांनी आणि दोन न्यायाधीशांनी तपासून मंजूर करायचं. तू वाड्यावर आहेस. योग्य माणसाच्या कानावर घाल, की तुझी बहीण शांत, मितभाषी आणि दुसऱ्याच्या सुखात सुख मानणारी आहे. हे पत्र मात्र कुणाला दाखवू नकोस.

ता. क. तिसरा. माझ्या स्वभावाची ग्वाही देणारं गावातलं माणूस लागतं, ते अव्हिस आहे. ऑस्टिनना पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला तिनेच पाठवलं. चांगली आहे बिचारी. फक्त ऑस्टिन जेवताना तिचं नाव जरा जास्त वेळा घेतात, ते लग्नानंतर मी बंद करीन.