आधी कोणाकडे?

बाळा,

देव तुला सुखी ठेवो. कोरा कागद वाया जायला नको, म्हणून सूनबाईच्या जुन्या सरावपेपराच्या पाठीमागे लिहिते आहे.

उद्या तिची नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा. मागच्या खेपेला सगळं येत असूनही घाबरून निम्मा पेपर कोरा राहिला, म्हणून यंदा आम्ही दोघी रोज दुपारी सराव करतो. ती प्रश्न वाचते, मी उत्तर देते, मग माझं कुठे चुकलं ते ती समजावते. त्यातच तिची उजळणी होते. ‘चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल?’ असं आलं की मी आपली ओरडणाऱ्याकडे धावते. ती हसून म्हणते, “अहो आई, ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे त्याचा! गप्प पडलाय त्याला आधी बघा. तुमच्या वॉर्डात माणसं मरतील!”

तू मात्र रोज फोनवर तिच्यावर ओरडतोस, ‘या वेळी नापास झालीस तर नोकरी गेली समज.’ त्याबद्दल तुला चार शब्द सुनवायला जप अर्धा टाकून बसले होते. दमले रे मी मध्ये पडून पडून.

पण सकाळपासून ती हसली नाही, रडलीही नाही. आता पुस्तक मिटून भिंतीकडे तोंड करून बसली आहे. चहा विचारला, तर हो नाही की नको नाही.

तू ओरडतो आहेस, म्हणजे तुझं बरं आहे. तुझं मागाहून बघू. हे पत्र राहू दे इथेच, मी आधी तिच्याकडे जाते.

तुझी आणि तिचीही,
आई