जळालेला कोट

प्रिय ताई, तुला प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम.

मी बरा आहे, लॉन्ड्रीतलं काम हाताला बसलंय. आईचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट मात्र तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही. मागच्या आठवड्यात माझ्या इस्त्रीखाली गिऱ्हाइकाचा कोट जळला आणि मी शेजारच्या टेबलावरच्या मावशींकडे बोट दाखवलं. बिचाऱ्यांनी मालकाची बोलणी मुकाट ऐकून घेतली. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी मला प्रार्थनेला उभं केलं, तर मी प्रार्थना न करताच खाली बसलो. येशूच्या मागे चालायचं ठरवून वर्ष झालं, तरी जुनी खोड जात नाही.

सोमवारी मालकाला खरं सांगितलं. त्याने मला इस्त्रीवरून काढून धुलाईला लावलं. (आईला एवढंच सांग, की काम बदललं.) मावशींची माफी मागितली, तर म्हणाल्या, "मला माहीत होतं रे. तू कधी बोलतोस, याचीच वाट बघत होते." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई, लहानपणी बाबांचा रेडिओ मी फोडला होता. मार तू खाल्लास आणि मी आजवर गप्प बसलो. बाबांनाही वेगळं पत्र लिहिलंय, पण आधी तू मला माफ कर.

तुझा अपराधी,
धाकटा