पाइपाच्या मापाची गाडी

साखळी,
गुरुवार, १४ मे १९८१

ती. सौ. कमलताईस,

धाकट्या सत्यवतीचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण दोन दिवस मान वळत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे.) भावोजींचा दमा कसा आहे? तुमच्या पेडण्याला यंदा काजू बरे लागले असं ऐकलं. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, बाकी तू पुढे वाचशीलच.

आमच्या घरात सध्या शर्यतीची मोटार तयार होते आहे. हसू नकोस. पाळीच्या गोकुळदास शेटचा मुलगा कुठे तरी असल्या शर्यती पाहून आला आणि त्याने बापाच्या डोक्यात भरवलं. आता येत्या चोवीस तारखेला, रविवारी, पाळीच्या बंद पडलेल्या खाणीच्या मैदानात शर्यत आहे. अट एवढीच, की गाडी विकतची नको, घरी बनवलेली हवी. ज्याची गाडी पहिली येईल त्याच्या गॅरेजला शेटच्या बाराही ट्रकांचं वर्षभराचं काम. तुला माहीत आहे, आमच्या गॅरेजात हल्ली माश्या मारायलासुद्धा माश्या नाहीत. यांच्या चुलतभावाने बहरीनहून नोकरीचं पत्र पाठवलंय. हे म्हणतात, शर्यत जिंकली तर इथेच राहीन, नाही तर जूनमध्ये विमानात बसेन. मला ते नको आहे गं. तीन-तीन वर्षं नवऱ्याच्या नावाने नुसती पत्रं लिहीत बसायची, आणि आला की टेपरेकॉर्डर आणि परफ्यूम! असला संसार मी शेजारी पाहिलाय.

तर गाडी. खिशात दमडी नाही आणि डोक्यात शर्यत, अशी यांची तऱ्हा. इंजिन मिळालं म्हापशाच्या दत्तारामच्या मोडक्या फियाट टॅक्सीचं. त्या टॅक्सीत दोन वर्षं कोंबड्या अंडी घालत होत्या. (इंजिन उघडलं तेव्हा आत पिसं निघाली. यांनी ती जपून बाजूला ठेवली. का, ते मी विचारलं नाही.) पुढची चाकं स्कूटरची, मागची फियाटची, त्यामुळे गाडी सदा नाक खाली घालून उभी, सासरी पहिल्यांदा आलेल्या सुनेसारखी. पेट्रोलची टाकी म्हणजे आमच्या खोबरेल तेलाचा डबा. सांगाड्याला खाणीवरचे टाकून दिलेले पाण्याचे पाइप आणले, आणि इथेच घोळ झाला. आडवे पाइप आखूड निघाले. नवे आणायला पैसे नाहीत, जोडले तर वजन वाढतं. यांचा वेल्डर मित्र शंभू म्हणाला, चलता. म्हणजे माणसाच्या मापाची गाडी करायची सोडून या दोघांनी पाइपाच्या मापाची केली. सगळं जोडून झाल्यावर हे ऐटीत आत बसायला गेले ते कमरेशी अडकले. शंभूने आणि मी दोन्ही बगलांत हात घालून ओढून काढलं. सासूबाई पायरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, “गाडी खंय ही? म्हाका दिसलें न्हाणयेंतलो बंब.”

त्याआधी या दोघांचं आठ दिवस भांडण चाललं होतं. हे म्हणायचे फियाटचं इंजिन पुरे, शंभू म्हणायचा ट्रकचंच हवं. आपल्याकडे असलं भांडण मिटवायची जागा एकच. सातेरीच्या देवळात गेले, भटजींनी देवीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि शंभूने विचारलं, “ह्या इंजिनार गाडी धांवतली गे माये?” उजवी पाकळी टपकन पडली. झालं! देवीनेच हो म्हटल्यावर काय, दोघं अंगात आल्यासारखे कामाला लागले. ताई, धावेल का हे विचारलं, थांबेल का हे एकानेही विचारलं नाही. ब्रेकचं काम मागे पडलं ते पडलंच. देवीला बोल लावून उपयोग नाही, विचारलं तेवढंच तिने सांगितलं.

परवा मंगळवारी सकाळी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. चढावर नेली, तिथून वळवली, आणि उतारावरून जी सुटली म्हणतेस! पाववाल्या पोदेराने सायकल टाकून गटार गाठलं. (पाव वाचले.) गाडी आमच्या फाटकातून आत आली, तुळशीला वळसा घालून गेली, हे देवीचेच उपकार, आणि सासूबाईंनी वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांच्या चटईवरून सरळ गवताच्या गंजीत शिरली. तिथे थांबली. सासूबाई तेव्हापासून सोलं निवडताहेत आणि दर सोलागणिक माझ्या माहेरचा उद्धार करताहेत. शंभू मात्र घड्याळ हातात धरून नाचत होता. म्हणे इतका वेग पाळीत कुणाच्या गाडीला नाही.

हे पत्र शेजारच्या शांताच्या हाती देते आहे. ती शनिवारी परत येईल. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सत्यवती

ता. क. परवा गाडीत कोण होतं ते लिहायचं राहिलं. मी होते. त्या सांगाड्यात घरातलं दुसरं कोणी मावत नाही. चालवायला यांनीच शिकवलंय, लग्नाच्या पहिल्या वर्षी, दुरुस्तीला आलेल्या जिपांवर. गाडी कुणी चालवायची याबद्दल शेटच्या नियमांत अवाक्षर नाही, मी दोनदा वाचून घेतलंय. ब्रेक काल बसवले. आईला कळू देऊ नकोस.

ता. क. २. लुगड्यात क्लच सापडत नाही. भावोजींची एखादी जुनी पँट शांताबरोबर पाठव. विचारलं तर बोहारणीला दिली म्हणून सांग. ताई, खरं सांगू? आधी मी यांच्यासाठी बसले होते. उतारावर वारा तोंडावर आला तेव्हापासून मला स्वतःलाच जिंकायचंय.

ता. क. ३. सोबतचं खाकी पाकीट शिवलेलं आहे, उसवू नकोस. आत यांचा पासपोर्ट आहे. तुझ्या ट्रंकेत अगदी तळाला ठेव. मी जिंकले तर सावकाश परत पाठव. हरले, तर हे स्वतः तुझ्याकडे विचारत येतील. त्यांना चहा दे, जेवायला घाल, पण पाकीट कुठे ठेवलंस ते तुला काही केल्या आठवत नाही.